साडेपाच किलोंचं बाळ

...आणि वर मलाच विचारते, "काका, बाळ कुठंय?" अहो, बाळ असतं तर मी इथे आलो असतो का? बाळ नाही म्हणून तर आलोय! बाळ यावं म्हणून आलोय! पण हे त्या दुकानातल्या पोरीला कसं समजावणार, तिच्या छातीवर बिल्ला, 'मी आपली काय मदत करू?', आणि मदत मागितली की ती मॅनेजरला हाक मारते. तुम्हाला सांगतो, मी भांडलो नाही, आवाज चढवला नाही, टेबलावर हात आपटला नाही, जो मी एकेकाळी मंत्र्यासमोर आपटलेला आहे... मी एकच प्रश्न विचारला!

खोक्यावर छापलं होतं, 'बालरोगतज्ज्ञांची पसंती'. मी म्हटलं, कोणते बालरोगतज्ज्ञ? नाव सांगा. एवढंच! यात चुकलं काय माझं? मॅनेजर आला, टाय सरळ करत आला, म्हणाला, "सर, सगळेच डॉक्टर." मी म्हटलं, अहो महाराज, चौतीस वर्षं वार्ताहर होतो मी, सगळ्या डॉक्टरांचं आजवर एकाच गोष्टीवर एकमत झालंय, फी वाढवण्यावर, ते तुमच्या बाउन्सरवर कधी झालं? तर म्हणतो, "सर, तुम्ही घेणार आहात की नुसते बघताय?"

नुसते बघताय! म्हणजे बघणं हा गुन्हा झाला. बघून बघूनच पोट भरलं मी, बाबा.

आता तुम्ही म्हणाल, बाउन्सर म्हणजे काय. मलाही माहीत नव्हतं. एक वाकवलेली सळई, तिच्यावर ताणलेलं कापड, मधे पट्टा. त्यात बाळ अर्धवट टेकून बसतं, पाय झाडतं आणि झुलतं. बस्स. आमच्या वेळी हे काम आमचे गुडघे करायचे, खोटं कशाला बोलू, माझ्या लेकीच्या आईचे गुडघे करायचे, मी तेव्हा एका चौकशी आयोगाच्या मागे होतो. पण आता गुडघ्यांचे सतरा प्रकार निघालेत. एक झुलतो, एक डोलतो, एक गोल फिरतो, एक थरथरतो, एकाला आठ गाणी आहेत. ती पोरगी मला कौतुकानं सांगत होती, "काका, बाळ रडलं की हा आपोआप हलायला लागतो." मी म्हटलं, आणि माणूस काय करतो तोवर? ती म्हणाली, "माणूस आपलं काम करतो."

मला काम नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

झालं काय होतं, सांगतो. माझी लेक दुसऱ्या शहरात असते. एकुलती एक. तिला मुलगी झाली. मी तिसऱ्या दिवशी जाऊन आलो, दोन दिवस राहिलो, बाळ पाहिलं, बाळानं मला पाहिलं नाही, डोळे मिटलेले होते, परत आलो. मग बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा मी फोनवर म्हटलं, "ये ना गं चार दिवस." ती म्हणाली, "यायचंय हो बाबा. पण तुमच्या घरात बाळाला ठेवायचं कुठे?"

बाळाला ठेवायचं कुठे! माझं तीन खोल्यांचं घर! पण फोन ठेवला आणि मान वळवून पाहिलं, तर... पोरगी बापावर गेलेली, चुकीची माहिती देत नाही. पलंगाच्या अर्ध्या भागावर कात्रणं. सोफ्यावर फायली. जमिनीवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे, कमरेएवढे, मधून एक पायवाट. त्या पायवाटेनं मी न्हाणीघरात जातो, स्वयंपाकघरात जातो आणि परत खुर्चीत येतो. आमची ही होती तेव्हा फायलींना फक्त एक खोली होती. ही गेली त्याला पाच वर्षं झाली. फायली हळूहळू बाहेर आल्या. मोकळी जागा दिसली की येतात त्या.

तर मी ठरवलं, बाळासाठी हक्काची जागा आणायची. बाउन्सर. लेकीला सांगायचं नाही. ती दारात उभी राहून म्हणेल, "बाबा, ठेवू कुठे?", आणि मी नुसतं बोट दाखवीन. चार ओळींची बातमी. चौकटीत.

पण घ्यायचं म्हणजे तपासून घ्यायचं! माझा एक नियम आहे, तो मी कुणासाठी मोडलेला नाही. दोन सूत्रांनी दुजोरा दिल्याशिवाय मी सूर्य उगवला असंही छापत नाही. याच नियमापायी मला व्याह्यांनी... म्हणजे काय झालं, जावयानं बाळाचा एक ग्रुप काढला होता फोनवर. व्याही त्यात कारभारी. रोज सकाळी साडेसहाला त्यांचा निरोप, 'जे हळू चघळतात ते शंभर वर्षं जगतात, जगातल्या सर्व शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, पुढे पाठवा.' मी भांडलो का? नाही. मी एकच प्रश्न विचारला, 'सूत्र कोण?' दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप, मी पुन्हा, 'सूत्र कोण?' नऊ दिवस! दहाव्या दिवशी विहीणबाईंनी लिहिलं, 'काही लोकांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय असते.' काही लोक! नाव घेऊन लिहा ना! म्हटलं, ठेवा तुमचा ग्रुप तुमच्यापाशी, आणि बाहेर पडलो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

असो. तर सूत्र पहिलं. माझ्या वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, जुळ्यांची आई. गेलो वही घेऊन. दार उघडलं, एक पोर कडेवर, एक पायाला लोंबकळतंय, बाईंच्या खांद्यावर भाताची शितं. मी म्हटलं, "बाउन्सरबद्दल तुमचा अनुभव?" त्या म्हणाल्या, "काका, आम्ही एकच घेतला होता. ह्याला बसवलं की तो रडायचा. त्याला बसवलं की हा. शेवटी एकदा मीच बसले."

"मग?"

"मग काय, वाकली ना सळई! पण काका, ती पाच मिनिटं... काय सांगू तुम्हाला!" आणि बाईंचे डोळे अगदी लागलेच हो उभ्या उभ्या. मी हळूच दार ओढून घेतलं.

सूत्र दुसरं, बालरोगतज्ज्ञ. खोक्यावरचा निनावी नाही, खराखुरा. नंबर लावला, दीड तास बसलो, सगळीकडे आया, आयांच्या मांडीवर पोरं, आणि मधे मी, मांडीवर वही. शेजारची बाई सरकून बसली. स्वागताला बसणारी म्हणाली, "आजोबा, पेशंट कुठाय?" मी म्हटलं, "पेशंट नाही. प्रश्न आहे." ती म्हणाली, "प्रश्नाचं वय किती?" ...हुशार होती. आमच्या कचेरीत असती तर चांगली उपसंपादक झाली असती.

डॉक्टर मात्र सज्जन निघाले. म्हणाले, "हे बघा, वाईट नाही, पण थोडा वेळच. त्यात झोपवायचं नाही, झोपलं तर उचलून सपाट जागी ठेवायचं. पट्टा नेहमी लावायचा. टेबलावर, पलंगावर, उंचावर कुठेही ठेवायचा नाही, जमिनीवरच. आणि बाळ आपलं आपण बसायला लागलं की बाउन्सर बंद." मी शब्द न् शब्द टिपून घेतला. शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. दोन रेघा! मग ते म्हणाले, "नात किती महिन्यांची आहे?" मी म्हटलं, "दोन." ते म्हणाले, "जवळ असते?" मी म्हटलं, "डॉक्टर, प्रश्न मी विचारतोय."

आता राहिली प्रत्यक्ष चाचणी. माल हातात घेतल्याशिवाय बातमी नाही. पण चाचणीला बाळ पाहिजे! मग मी डोकं चालवलं. लेकीनं सांगितलं होतं, साडेचार किलो झालीये. येईपर्यंत साडेपाच धरू. रद्दीवाल्याला बोलावलं. तो बिचारा वीस वर्षं माझ्या घरावर डोळा ठेवून आहे, धावत आला, तराजूसकट. मी म्हटलं, "साडेपाच किलो मोज." तो म्हणाला, "बस? एवढंच विकणार?" मी म्हटलं, "विकायचं नाहीये. मोजायचंय." त्यानं मोजलं. मग मी म्हटलं, "वरचा भाग जरा जड कर, डोकं आहे ते." तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "पाय मोकळे ठेव." त्यानं तराजू उचलला आणि निघून गेला, तीन आठवडे आमच्या गल्लीत फिरकला नाही.

तो गठ्ठा मी हिच्या जुन्या शालीत गुंडाळला. सुतळीनं बांधला. आणि काखेत मारून दुकानात गेलो. खोटं सांगत नाही, बसमध्ये एकानं मला जागा दिली.

दुकानात मी एकेक बाउन्सर जमिनीवर मांडायचो, गठ्ठा बसवायचो, पट्टा लावायचो आणि पायानं ढकलायचो. एक कलंडला. एकाचा पट्टा सुटला, गठ्ठा डोक्यावर आपटला, तर खरं सांगतो, पटकन उचलून शाल सारखी केली मी. तेवढ्यात एक म्हातारीशी बाई, जाड चष्मा, वाकून बघत म्हणाल्या, "अगंबाई, किती शहाणं बाळ! रडत नाही अगदी. किती महिन्यांचं?" मी म्हटलं, "बाई, चौतीस वर्षांचं आहे." त्या म्हणाल्या, "आजोबांवर गेलंय." पोरगी धावत आली, मॅनेजर धावत आला, "सर, बाहेरचं सामान आत..." मी म्हटलं, हे सामान आहे? याला सामान म्हणता तुम्ही? मी एकच प्रश्न विचारतो, तुम्ही या खुर्च्या बाळ बसवून तपासल्यात की नाही? त्यांनी मला दाराबाहेर सोडलं. आदरानं. दोघांनी धरून.

अशी चार दुकानं. मग मी थेट कारखान्याला पत्र लिहिलं, चाचणीचा अहवाल पाठवा. साधं पत्र, अकरा प्रश्नांचं. उत्तराची वाट पाहिली. एक महिना. दोन महिने. स्मरणपत्र. तिसऱ्या महिन्यात उत्तर आलं, 'आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल आभार.' अभिप्राय! अरे, प्रश्न होता तो! शेवटी प्रश्नचिन्ह होतं!

मधल्या काळात दर रविवारी अकरा वाजता लेकीचा फोन. दहा मिनिटं. व्हिडिओ मी करत नाही, माझं कपाळच दिसतं, ती म्हणते, "बाबा, फोन खाली करा," खाली केला की हनुवटी. त्यापेक्षा कानाला लावलेला बरा. आणि बाळाचा विषय मी मुद्दाम काढायचो नाही, तोंडून बाउन्सर फुटायचा म्हणून. मग मी तिला गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल सांगायचो, पाणीखात्याला लिहिलेल्या पत्राबद्दल सांगायचो. ती "हं" म्हणायची. मागे काहीतरी खणखण वाजायचं, डबा पडल्यासारखं, ती म्हणायची, "बाबा, एक मिनिट हं, ठेवते, ही बघा ना..." आणि ठेवायची. ही बघा ना! मला वाटायचं, मिक्सर बघते.

शेवटी मिळाला. पाचव्या दुकानात, कोपऱ्यात, कुणी ढुंकून न पाहिलेला. मोटार नाही, गाणं नाही, थरथर नाही. नुसती सळई आणि कापड. बाळानं पाय मारला तर हलेल, नाही मारला तर नाही. स्वतःच्या बळावर! पट्टा घट्ट, बूड जड, कलंडायचं नाव नाही. म्हटलं, हीच माझी नात. म्हणजे हीच तिची खुर्ची. घेतला, घरी आणला, खोकं फोडलं, आणि... ठेवायचा कुठे?

हसा. हसा तुम्ही. डॉक्टर म्हणाले होते, जमिनीवरच. माझ्या घरात जमीनच नाही! चार फूट लांब, तीन फूट रुंद एवढी जागा पाहिजे. मग बसलो उपसायला. एकेक गठ्ठा सोडायचा, एकेक कात्रण वाचायचं आणि ठरवायचं, राहणार की जाणार. कापडगिरणीचा संप, सात महिने रोज दाराशी उभा राहिलो होतो, जा. पुलाचा घोटाळा, ज्यात सगळे सुटले, जा. चौकशी आयोग, ज्याच्यापायी लेकीचे पहिले सहा महिने मी पाहिले नाहीत... हा गठ्ठा हातात घेऊन बराच वेळ बसलो. आयोगाचा अहवाल आलाच नाही कधी. जा, बाबा, तूही जा.

रद्दीवाला आला, दारातूनच म्हणाला, "मोजायचं की विकायचं?" मी म्हटलं, "ने." त्यानं पाच फेऱ्या मारल्या, शेवटच्या फेरीला टोपी काढून उभा राहिला, जणू घरातलं कुणी गेलंय. महिना लागला मला. आणि तुम्हाला सांगतो, खालची फरशी दिसली. हिरवी आहे! मी विसरलोच होतो. हिनं निवडली होती, मी म्हटलं होतं, "कसलीही घाल, मला वेळ नाही."

पुसली. दोनदा पुसली. मधोमध बाउन्सर ठेवला. गठ्ठा बसवला. पट्टा लावला. रविवार आला, अकरा वाजले, आणि या खेपेला मी स्वतः व्हिडिओ लावला. कपाळ तर कपाळ! लेक म्हणाली, "अगंबाई, बाबा! आज व्हिडिओ?" मी म्हटलं, "बोलू नकोस. नुसतं बघ." फोन फिरवला. हिरवी फरशी. खुर्ची. मी म्हटलं, "विचार आता, बाळाला ठेवायचं कुठे?"

तिनं तोंडावर हात ठेवला.

मला वाटलं, गहिवरली. मग तिच्या मागे खण्ण असा आवाज झाला, ती वळली, तिच्याबरोबर फोन वळला, आणि मला दिसलं... एक बाई जमिनीवर बसलेल्या. ताठ. एकट्या. हातात पातेल्याचं झाकण. माझ्याकडे पाहिलं, झाकण टाकलं आणि दोन हात दोन गुडघे करत अशा निघाल्या, अशा निघाल्या, फोनच्या पार जवळ आल्या, मला फक्त एक नाकपुडी दिसली आणि मग दोन दात.

मी म्हटलं, "ही कुणाची?"

लेक म्हणाली, "बाबा... आठ महिन्यांची झाली ती. रांगते. साडेआठ किलो आहे."

रद्दीचं वजन वाढत नाही हो! साडेपाच बांधलं की साडेपाचच राहतं. महिने जात होते हे काय मला कळत नव्हतं? पत्रांवर तारखा मीच घालत होतो! पण शालीतलं बाळ तेवढंच होतं, मला वाटलं, तिथलंही तेवढंच असेल.

लेक म्हणाली, "पण बाबा, मी रोज ग्रुपवर फोटो टाकते. बसली तेव्हा टाकला. दात आला तेव्हा. तुम्ही काहीच लिहीत नाही, मला वाटलं, तुम्हाला... असू दे. बघता ना तुम्ही?"

"मी ग्रुपवर नाही."

"कधीपासून?"

तिनं एकच प्रश्न विचारला. चौतीस वर्षं मी लोकांना असे प्रश्न विचारले, आणि समोरचे खाली बघायला लागले की मला आनंद व्हायचा, म्हणायचो, सापडला! मी खाली बघितलं. हिरव्या फरशीकडे. म्हटलं, "आवाज तुटतोय गं तुझा." आवाज व्यवस्थित येत होता.

मग तीच म्हणाली, बरं का, हळूच म्हणाली, "खुर्ची आता नको, बाबा. पण ती फरशी छान आहे. तिला आता तशीच जागा लागते. मोकळी. आणखी थोडी होईल का?" मी म्हटलं, "येतेस कधी?" ती म्हणाली, "बघते. ह्यांच्या सुट्टीचं बघून सांगते." बघते म्हणजे बातमी नव्हे. पण निराधारही म्हणता येत नाही.

खुर्ची परत द्यायला गेलो. तीच पाचव्या दुकानातली माणसं. "बाळानं वापरली का?" नाही. "मोडली का?" नाही. "मग परत का?" आता काय सांगू? घेतली नाही त्यांनी. आहे घरात. गठ्ठा बसलाय तिच्यात, पट्टा लावून. संध्याकाळी मी त्याला दिवसभराच्या बातम्या वाचून दाखवतो आणि पायानं जरा झुलवतो. ऐकून घेतो बिचारा. मधे प्रश्न विचारत नाही.

आणि मग मी ते केलं. व्याह्यांना फोन लावला. स्वतःहून. म्हटलं, "मला ग्रुपवर परत घ्या." ते म्हणाले, "घेतो की. पण... प्रश्न विचारणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निरोप. 'जे उजव्या कुशीवरून उठतात त्यांना चष्मा लागत नाही, जगातल्या सर्व शास्त्रज्ञांनी सिद्ध केले.' माझा अंगठा शिवशिवला. लिहिलं, 'सूत्र कोण?' आणि पाठवणार, एवढ्यात खाली फोटो आला. नात. सोफ्याला धरून उभी. उभी! पाय वाकलेले, तोंड उघडं, आणि कुणीतरी नुकताच हात सोडलाय, तो हात अजून फोटोत अर्धा दिसतोय.

बराच वेळ बघत बसलो. मग 'सूत्र कोण' पुसलं. अक्षर अक्षर पुसलं. आणि व्याह्यांच्या त्या चष्म्याच्या निरोपाखाली दोन जोडलेले हात टाकले, वर लिहिलं, 'फारच उपयुक्त माहिती.'

चौतीस वर्षं मी कुणाच्या बापाला भ्यालो नाही, तुम्हाला सांगतो, कुणाची एक बातमी दाबली नाही. आता दाबतो. रोज. सकाळी साडेसहाला. डाव्या कुशीवरून उठून.